पराटीचे बाण

माझे बाण फार सुंदर झाले होते, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर जे झालं ते झालं, पण बाणांना नावं ठेवायला जागा नव्हती. पराटीच्या तीन काड्या, मधली लांब, बाजूच्या दोन आखूड, टोकाशी सुतळीचे घट्ट वेढे. पराटी म्हणजे कापूस वेचून संपल्यावर वावरात उरतं ते वाळकं झाड. जानेवारीच्या शेवटी आमच्याकडे जिकडे तिकडे त्याचेच ढीग असतात. अकोटच्या एका वावरात मी धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाच्या कडेने, बाण मांडत चालले होते आणि एक बाण मांडला की मागे सरकून त्याच्याकडे बघत होते, रांगोळी काढल्यावर बघतात तसं.

मी वर्षाली, दर्यापूरची, नववीत. आमच्या शाळेच्या गाईड पथकातल्या जास्वंद संघाची नायिका. स्काऊटच्या पोरांच्या संघांना वाघ, गरुड अशी नावं आणि आम्हाला फुलं. मी याबद्दल आमच्या गाईड कॅप्टनकडे, म्हणजे पौर्णिमा मॅडमकडे, तक्रारही केली होती. त्या म्हणाल्या, "जास्वंद गणपतीला चालते. वाघ चालतो का?" यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि हल्ली मला उत्तर सुचत नाही असं फार कमी वेळा होतं.

आधी तसं नव्हतं. सहावीत गाईडमध्ये आले तेव्हा पहिली पायरी होती प्रवेश. त्यात सगळ्यांसमोर उभं राहून वचन म्हणायचं असतं. मी "मी वचन देते की" एवढं म्हणून थांबले ती थांबलेच. कशाचं वचन, ते मॅडमनी हळूच कानात सांगितलं म्हणून निभावलं. मग प्रथम सोपान. त्यात गाठी शिकले, आणि पहिल्यांदा वर्गातल्या पोरी मला काहीतरी विचारायला यायला लागल्या. द्वितीय सोपानात प्रथमोपचार. मी मैथिलीच्या धडधाकट पायाला अशी पट्टी बांधली की ती खरोखरची लंगडत घरी गेली. मैथिलीचे बाबा दर्यापूरच्या कोर्टात वकील आहेत. केस करू म्हणत होते. मैथिली आता माझ्या संघाची उपनायिका आहे आणि तो पाय अजून मला दाखवत असते. आई म्हणते, "आंधी तोंडातून बोल निघे नाई, आता टीव्हीसारखं तुले बंद करा लागते."

आता तृतीय सोपान. त्याचंच हे चाचणी शिबिर, अकोटच्या बाहेर, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पलीकडच्या एका शाळेच्या मैदानावर. तृतीय सोपान झाला की काही महिने काम करायचं, मग राज्य पुरस्काराच्या शिबिराला जाता येतं. माझी गोची अशी होती की यावर्षी हा सोपान राहिला असता तर पुढचं सगळं दहावीत आलं असतं, आणि दहावीत बाबा मला तंबू ठोकायला कुठेही पाठवणार नव्हते. ते त्यांनी जेवताना शांतपणे सांगितलं होतं. बाबा शांतपणे सांगतात ते पक्कं असतं. म्हणजे राज्य पुरस्कार हवा असेल तर तो याच शिबिरातून जात होता.

परीक्षक होत्या तारा मॅडम, अमरावतीहून आलेल्या. उंच, पांढरे केस, हळू आवाज. कमी बोलणाऱ्या परीक्षकांची मला जास्त भीती वाटते, कारण आपलं काय चुकलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. तंबू, गाठी, नकाशा, सगळं माझं झालं होतं. राहिला होता माग. तारा मॅडमची पद्धत अशी की संघनायिकेने सकाळी पुढे जाऊन खुणा मांडायच्या आणि शेवटाला जाऊन बसायचं. थोड्या वेळाने तिच्या संघाने निघायचं आणि फक्त त्या खुणा वाचत तिच्यापर्यंत पोचायचं. हाका मारायच्या नाहीत, कोणाला वाट विचारायची नाही. तारा मॅडम पोरींच्या मागे मागे चालणार, मुक्याने.

मी शाळेच्या फाटकापासून सुरुवात केली. विहिरीपर्यंत दगडावर दगड ठेवून खुणा केल्या. विहिरीपाशी वाट फुटते. मोठी जिनिंगकडे जाते, बारकी धुऱ्याने नाल्याकडे. तिथून पुढे दगड दिसेनात, पण पराट्या हव्या तेवढ्या. मग काय, माझे सुतळीचे बाण. नाल्याच्या काठावर उंचवट्यावर कडुनिंब होता. त्याखाली गोल काढून मध्ये ठिपका दिला. त्याचा अर्थ, मी घरी पोचले, माग संपला. पौर्णिमा मॅडम सोबत होत्या, पोरीला वावरात एकटं सोडत नाहीत म्हणून. त्यांनी ओढणीत बोरं बांधून आणली होती. आम्ही विहिरीकडे पाठ करून बोरं खात बसलो.

बोरं संपत आली. कोणी आलं नाही.

"येतील गं," मॅडम म्हणाल्या.

"येतीलच," मी म्हटलं. "एवढे स्पष्ट बाण आहेत, आंधळा पण येईल."

आली ती एक बाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पराट्यांचा भारा, नाल्याच्या वाटेने सरळ आमच्याकडे. नंतर कळलं, तिचं नाव आशाबाई, शाळेमागेच तिचं घर.

"काय वं पोरी, इथी कायले बसल्या?"

"परीक्षा चालू आहे," पौर्णिमा मॅडम म्हणाल्या.

"परीक्षा? मंग पेपर कुठी हाये?"

माझं त्यांच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. मी भाऱ्याकडे बघत होते. भाऱ्यातून सुतळीची टोकं लोंबत होती. माझी सुतळी, माझे वेढे.

"मावशी," मी उठलेच, "थे काड्या कुठून आणल्या तुमी?"

"पंजाबरावाच्या धुऱ्यावरून. थो नेऊ देते आमाले. पन भल्ला नीटनेटका गडी ठेवला बाप्पा औंदा पंजाबरावानं! तीन-तीन काड्या बांधून जागोजागी ठेवून देल्ल्या. उचलाचंच काम राह्यलं फक्त."

"मावशी, थे बाण होते!"

"बाण?" तिने भारा सावरत मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोनाले मारून राह्यली होती वं?"

पौर्णिमा मॅडमच्या घशात बोराची बी अडकली. त्यांची पाठ थोपटता थोपटता मी आशाबाईला सगळं सांगितलं, माग, खुणा, संघ, सोपान. तिने भारा खाली न टाकता सगळं ऐकून घेतलं.

"मंग सांगाचं न बापा. त्याच्यावर का तुह्यं नाव होतं?"

"सगळे उचलले का?"

"सगळे. सोडाचे कायले?"

माझ्या पोरी बऱ्याच वेळाने आल्या, आणि भलत्याच बाजूने, जिनिंगच्या रस्त्याने. पुढे आचल, सहावीतली, आमच्यातली सगळ्यात लहान. तिच्या केसांत कापूस अडकला होता.

"ताई, विहिरीपाशी खुणाच संपल्या! मंग आमी म्हटलं, मोठा रस्ता थो आपला."

"मी म्हटलं होतं थांबा म्हणून," मैथिली म्हणाली.

"तू कुठी म्हटलं? तू म्हटलं, जिनिंगपाशी चाय भेटते का पाहू."

त्यांच्या मागे तारा मॅडम उभ्या होत्या. जिनिंगपासून शेवटी त्यांनीच पोरींना इकडे आणलं होतं. चेहऱ्यावर काहीच नाही.

"मॅडम, माझा माग बरोबर होता," मी म्हटलं. मॅडमशी बोलताना माझी भाषा आपोआप पुस्तकातली होते. "विहिरीच्या पुढच्या खुणा एका बाईंनी उचलून नेल्या."

"असं? मग चूक कोणाची?"

मी तोंड उघडलं. आशाबाईचं नाव जिभेवर होतं. पण आशाबाई तर रोज त्याच धुऱ्याने पराट्या नेत होती. मीच माझे बाण तिच्या सरपणाच्या मधोमध मांडून आले होते, आणि वर सुतळीने बांधूनही दिले होते.

"माझी," मी म्हटलं, जरा हळू.

"उद्या सकाळी पुन्हा टाक. तीच वाट, तीच विहीर, शेवट इथेच. ठिकाण माहीत झालं तरी पोरी खुणेवरच चालतील, खूण नसेल तिथे थांबतील. दुपारी शिबिर संपतं." त्या चालायला लागल्या, मग वळून म्हणाल्या, "उद्या संघ पोचला तर सही करते."

नाही पोचला तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. ते मला माहीत होतं.

संध्याकाळी बिनभांड्याच्या स्वयंपाकात आमच्या संघाकडे रोडगे होते. गोवऱ्यांचा जाळ बसून निखारे झाले की त्यात कणकेचे गोळे पुरायचे आणि गप्पा मारत वाट बघायची. आम्ही गप्पा मारल्या नाहीत, मागाचाच खल केला.

"दुसरं कायतरी वापर न," मैथिली म्हणाली. "आख्खा रस्ता दगडाचा कर. मी वेचून देते."

"धुऱ्यावरचे गोटे राखनवाले गोफनीत घालते," आचल म्हणाली. तिच्या घरी शेती आहे, तिला सगळं ठाऊक असतं.

"गवताच्या गाठी मारू."

"बकऱ्या."

"मातीत रेघा ओढू."

"सकाळी पांदनीनं ट्रॅक्टर जाते."

"मंग शेनाचे पो ठेवू!" मैथिली वैतागून म्हणाली.

"थे तं सगळ्यात आंधी जाईन. माह्यी आजी रस्त्यावरचं बी सोडत नाई."

सगळ्या खो खो हसल्या, मीही हसले, पण डोक्यात तेच चालू होतं. वावरात पडलेली अशी एकही वस्तू नव्हती जी कोणाच्या तरी कामाची नव्हती. मी निखाऱ्यातला रोडगा काठीने उलटला. मग मला वाटलं, मी उगाच अशी वस्तू शोधत बसले आहे जी कोणी नेणार नाही. नेणारं माणूस तर मला माहीत आहे. त्याचं घर शाळेमागेच आहे.

"मॅडम," मी पौर्णिमा मॅडमना विचारलं, "आशाबाईंकडे जाऊन येऊ? मैथिलीला घेऊन जाते. वाट विचारायला पोरींना मनाई आहे, मला खुणा मांडायच्या आधी कोणाशी बोलायला नाही ना?"

मॅडमनी थोडा विचार केला. "नाही. तशी कुठे नाही. दिवेलागणीच्या आत परत ये."

दोन गरम रोडगे कागदात बांधून आम्ही गेलो. आशाबाई अंगणात न्हाणीच्या चुलीपाशी बसली होती. घरात गॅस होता, पण पाणी तापवायला पराट्याच. चुलीत माझाच एक बाण जळत होता, सुतळीसकट.

"ये वं, बाणवाली," ती म्हणाली. "राग गेला का?"

"राग नाई, मावशी. उद्या मले पुन्हा मांडा लागते. उद्याचा दिवस विहिरीच्या पुढच्या काड्या उचलू नका न. दुपारी सगळ्या तुमच्याच."

"नाई उचलत. पन दुसऱ्या बाया उचलतीन, त्याचं काय?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मैथिलीने मला कोपराने ढोसलं.

"त्याईले सांगाचं माह्याकडं लागलं," आशाबाई म्हणाली. "पन आंधी मले तं समजू दे. काय काय राह्यते त्याच्यात?"

मी विझलेली काडी घेऊन अंगणात बाण काढला. "हे म्हंजे, इकडून जा." फुली काढली. "हे म्हंजे, इकडं जाऊ नका." मग गोल आणि ठिपका.

"हे काय? कुकू?"

"नाई. ह्याचा अर्थ, मी घरी गेली."

"माय वं! घरी गेली तं पोरीहिले सांगून जाचं न सरळ. एवढ्यासाठी काड्या कायले लागते? देवानं तोंड देल्लं नाई का?"

"तोंडानं सांगतलं तं नापास, मावशी. तुमी बी उद्या कोनाले वाट सांगू नका हां. पोरी दिसल्या तरी नाई."

आशाबाईने रोडग्याचा तुकडा मोडला, चाखला आणि मान हलवली. रोडग्याला होकार होता, परीक्षेला नव्हता. "अजब हाये बाप्पा. चुकलेल्या मानसाले वाट नाई सांगाची. पाप लागते अशानं."

"माह्या डोक्यावर पाप."

"तुह्यं डोकं केवढं अन् पाप केवढं," ती म्हणाली, पण कबूल झाली.

सकाळी हवा गार होती, हरभऱ्याच्या वावरावर दव होतं आणि माझी बोटं सुतळी बांधताना बधिर होत होती. हो, पुन्हा बांधलेच बाण. काम करायचं तर नीट करायचं. विहिरीपाशी बारक्या वाटेवर मोठा बाण ठेवला, जिनिंगच्या वाटेवर पराट्यांची फुली. मग धुऱ्याने नाल्यापर्यंत एकेक. कडुनिंबाखाली गोल, ठिपका. आणि विहिरीकडे तोंड करून बसले. आज पौर्णिमा मॅडमनी बोरं आणली नव्हती.

उंचवट्यावरून विहीर दिसते, माणसं बोटाएवढी. काही वेळाने तिथे एक लुगडं दिसलं. आशाबाई माझ्या बाणाशेजारी उकिडवी बसली होती. मग बकऱ्या आल्या, आणि ती उठून त्यांना काठीने दुसरीकडे वळवायला लागली. एक बकरी ऐकेना. आशाबाई आणि ती बकरी बाणाभोवती गोल फिरत होत्या.

"तू तिला राखणीला बसवलंस?" पौर्णिमा मॅडमनी विचारलं.

"नाही हो मॅडम! उचलू नका एवढंच म्हटलं होतं."

मग माझ्या पोरी आल्या. विहिरीपाशी थांबल्या. आशाबाईने पदराचा बोळा तोंडाला लावलेला मला इतक्या लांबूनही दिसला. आचल वाकली, फुलीकडे गेली, परत आली, बाणाकडे वाकली. मग चौघी वळल्या. बारक्या वाटेला! मी पौर्णिमा मॅडमचा हात एवढा दाबला की त्या ओरडल्या.

पण मागून येणाऱ्या तारा मॅडम वळल्या नाहीत. त्या आशाबाईपाशी थांबल्या. बोलत होत्या. बराच वेळ. आणि मग आशाबाईने हात वर केला.

"गेलं," मी म्हटलं. "हात करून वाट दाखवली तिने. गेलं सगळं."

मला बाबांचा शांत आवाज ऐकू यायला लागला.

पोरी धुऱ्यावरून पळतच आल्या. आचल गोलावर उडी मारून ओरडली, "घरी पोचलो!" मी तिला मिठी मारली, पण डोळे तारा मॅडमवर होते. त्या त्यांच्या चालीने आल्या, झाडाखाली बसल्या आणि बूट काढून त्यातलं ढेकूळ झटकलं.

"विहिरीवरच्या बाईंना तू काय सांगितलं होतंस?"

मी सगळं सांगितलं, रोडग्यांसकट. एकही गोष्ट गाळली नाही.

"मी त्यांना वाट विचारली," तारा मॅडम म्हणाल्या. "दोनदा. पहिल्यांदा मान हलवली. दुसऱ्यांदा पदर बाजूला करून म्हणाल्या, 'मले बोलाची मनाई हाये.' मी म्हटलं, मी परीक्षक आहे, मला सांगा. तर म्हणाल्या, 'तुमी कोनीबी असान.'"

"आणि हात वर केला तो?"

"देवाशप्पथ, म्हणाल्या. पोरींना काही सांगितलं नाही म्हणून."

मला हसू यायला लागलं, आणि ते वेळेवर आवरलंही नाही.

"पण खुणांना राखणदार," तारा मॅडम म्हणाल्या, "हे कुठल्या नियमात बसतं?"

मैथिली पुढे झाली. "मॅडम, संघ पोचला पाहिजे, एवढंच तुम्ही सांगितलं होतं. माग कसा टिकवायचा ते सांगितलं नव्हतं. आणि आशाबाईंनी मदत आम्हाला केली नाही, बकऱ्यांना अडवलं. बकऱ्या परीक्षेला बसलेल्या नाहीत."

"तुझे वडील वकील आहेत का?"

"हो, मॅडम."

"तरीच," तारा मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. एवढंसंच, पण हसल्या. मग खिशातून पेन काढलं. "आण पुस्तिका. तृतीय सोपान, पूर्ण."

मी ओरडले. आधीची मी ओरडली नसती. नाल्यातले बगळे उडाले, आचल दोन्ही हात वर करून नाचायला लागली, आणि पौर्णिमा मॅडम ओढणीने डोळे पुसत म्हणाल्या की धूळ गेली.

"आता खुणा उचला," तारा मॅडम म्हणाल्या. माग संपला की तो आपणच पुसायचा असतो, मागे काही ठेवायचं नसतं. आम्ही परत फिरलो, कडुनिंबापासून विहिरीकडे, एकेक बाण उचलत. मैथिलीने फुली उचलली. सगळ्या काड्या एकत्र करून मी भारा बांधला, गाठ अशी मारली की ओढली की सुटावी, म्हणजे घरी सोडताना त्रास नको.

आशाबाई विहिरीच्या कठड्यावर बसली होती. तिने आधी भाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पास झाली का वं?"

"झाली, मावशी!"

"मंग आता काय बनली तू?"

"अजून काई नाई. आता राज्य पुरस्काराची तयारी करा लागते."

"अजून हायेच का?" तिने चुंबळ डोक्यावर ठेवली. मी आणि मैथिलीने दोन बाजूंनी भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला. तिने तो हाताने नीट बसवला. मग चालायला लागली आणि मागे न बघताच म्हणाली, "त्या परीक्षेले बी काड्या लागत असतीन तं सांगजो. घरी भल्ल्या पडल्या हायेत."